ईवुड पार्कच्या रिकाम्या खुर्च्या आणि पुण्यातले मालक

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. प्रीमियर लीगमधला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीतला, क्लब भारतीय मालकाच्या ताब्यात जाण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी कौतुकाने वाचली गेली. डॉ. बी. व्ही. राव यांनी कोंबडी-अंड्यांच्या धंद्यात एवढा मोठा डोलारा उभा केला होता आणि आता त्यांची मुलं, अनुराधा देसाई, व्यंकटेश राव आणि बालाजी राव, जगातल्या सर्वात श्रीमंत लीगमध्ये जाऊन बसली होती. त्या मोसमात क्लबच्या ईवुड पार्क मैदानावर दर सामन्याला सरासरी २५ हजारांच्या आसपास माणसं येत. २०१६-१७ च्या मोसमात तीच सरासरी १३ हजारांच्या आसपास आली. मैदानाची क्षमता ३१ हजारांच्या वर आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या.

हे का झालं, असं विचारलं की एक उत्तर लगेच येतं: संघ हरत गेला, लोक यायचे बंद झाले. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. फुटबॉलचा प्रेक्षक फक्त विजय बघायला येतो असं मानलं तर इंग्लंडमधल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थच लागत नाही. तिथे दर मोसमाअखेर तळाचे संघ एक श्रेणी खाली जातात आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ वर चढतात. संडरलंड क्लब २०१८ मध्ये तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे लीग वनमध्ये, घसरला. लागोपाठ दोन वर्षं दोन श्रेणी खाली. तरी त्या मोसमात तिथली सरासरी गर्दी ३० हजारांच्या वर होती. क्लब नुकताच नव्या मालकांच्या हाती गेला होता. उन्हाने फिक्या पडून गुलाबी झालेल्या स्टेडियममधल्या खुर्च्या बदलायच्या होत्या, तर समर्थक स्वतः येऊन कामाला लागले. संघ तिसऱ्या श्रेणीत आणि माणसं फुकटात खुर्च्या बसवतायत! आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटलं की लोक पराभवसुद्धा पचवतात.

ब्लॅकबर्नमध्ये नेमकं उलटं घडलं. २०१७ मध्ये हा क्लबही लीग वनमध्ये घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला आणि तिसऱ्या श्रेणीत गेलेला तो पहिला क्लब. पुढच्याच वर्षी मॅनेजर (म्हणजे तिथला मुख्य प्रशिक्षक) टोनी मोब्रे यांच्या हाताखाली संघ सुरेख खेळला, दुसरा आला आणि वर चढला. इतकं जिंकूनही त्या वर्षीची सरासरी गर्दी घसरणीच्या वर्षाएवढीच राहिली. मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला मात्र २७ हजारांहून जास्त लोक आले. हे दोन आकडे एकत्र वाचले की माझ्या मते सगळं प्रकरण कळतं. माणसं गावातच होती, क्लबवरचं प्रेमही शाबूत होतं. नेहमी येऊन बसण्याएवढा विश्वास तेवढा उरला नव्हता.

हा विश्वास कसा गेला हे समजायचं तर आधी क्लब त्या गावाचा कोण लागतो ते बघायला हवं. ब्लॅकबर्न हे लँकशर परगण्यातलं, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं, एके काळी कापडगिरण्यांवर जगलेलं गाव. क्लबची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १८९० पासून मैदान तेच. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. आजोबांनी वडिलांना नेलं, वडिलांनी मुलाला नेलं, आणि सीझन तिकिटाची, म्हणजे पूर्ण मोसमासाठी एकदम काढलेल्या तिकिटाची, जागाही बहुधा तीच, त्याच स्टँडमधली, त्याच शेजाऱ्यांच्या सोबतीची. आपल्याकडे क्रिकेटचं वेड असलं तरी असं आठवडी, पिढीजात नातं एखाद्या मैदानाशी फार कमी लोकांचं असतं, म्हणून ते मुद्दाम सांगावं लागतं.

त्यात या गावाने एक वेगळा मालक पाहिला होता. जॅक वॉकर ब्लॅकबर्नचेच. पोलादाच्या धंद्यात पैसा केला, धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ मध्ये क्लब हाती घेतला. केनी डॅलग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणलं, गोल करणारा खेळाडू ॲलन शिअररला आणलं, मैदानाचे तीन स्टँड नव्याने बांधले. १४ मे १९९५ रोजी ब्लॅकबर्न शेवटच्या सामन्यात लिव्हरपूलकडून हरला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि प्रीमियर लीगचा चषक या छोट्या गावात आला. वॉकर २००० मध्ये गेले. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या ट्रस्टकडूनच वेंकीजने क्लब घेतला. साहजिकच पुढच्या कोणत्याही मालकाची तुलना त्या पुतळ्याशी होणार होती. ती तुलना थोडी अन्यायाची होती हे मला मान्य आहे. पण क्लब विकत घेताना हा वारसाही सोबत येतो, आणि तो समजून घेणं हे घेणाऱ्याचंच काम असतं.

नवे मालक आल्यावर महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं गेलं. तेव्हा संघ तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे धोक्याच्या बाहेर. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी तोवर इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणून कुठलाच संघ सांभाळला नव्हता. २०११ मध्ये चेअरमन जॉन विल्यम्स आणि मॅनेजिंग डायरेक्टर टॉम फिन हे दोघेही गेले. क्लब रोज कसा चालवायचा हे ज्यांना ठाऊक होतं तीच माणसं बाहेर पडली. इकडे रोनाल्डिन्यो, बेकहॅम अशा नावांच्या चर्चा चालल्या, पण त्यातलं कुणी आलं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मोसमाच्या ऐन मध्यात संघ पुण्याला आणला, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला. कंपनीच्या चिकनच्या जाहिरातीत ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाणारे खेळाडू दिसले. पुण्यातून बघताना यात काही गैर वाटणार नाही. मालकाने आपला ब्रँड मिरवला, एवढंच. पण तिकडे संघ तळाशी गटांगळ्या खात होता आणि आपला क्लब दुसऱ्या कुणाच्या मालाची जाहिरात झाला, ही भावना स्टँडमध्ये घट्ट बसली.

७ मे २०१२ रोजी ईवुड पार्कवर विगनने ८७व्या मिनिटाला गोल केला, ब्लॅकबर्न ०-१ हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या रंगांचं कापड पाठीवर बांधलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तो फोटो जगभर छापून आला. लोक हसले. ज्यांनी ती सोडली त्यांच्यासाठी मात्र तो राग होता. पत्रं लिहून झाली होती, मोर्चे काढून झाले होते, आणि उत्तर द्यायला समोर कुणी येत नव्हतं.

आता ‘बोर्ड’ या गोष्टीकडे येऊ. बातम्यांत आपण वाचतो की समर्थकांचा बोर्डावर विश्वास नाही. आपल्याला वाटतं की क्लबचे सभासद असतील, ते मतदान करत असतील, मग बोर्ड बदलून टाकत का नाहीत? इंग्लंडमध्ये तसं नसतं. तिथला व्यावसायिक क्लब ही एक कंपनी असते. शेअर ज्याचे, क्लब त्याचा. ब्लॅकबर्नचे जवळपास सगळे शेअर वेंकीजच्या लंडनमधल्या कंपनीकडे आहेत. संचालक तेच नेमतात, तेच काढतात. चाळीस वर्षं सीझन तिकीट काढणाऱ्या माणसाचं कायद्याच्या दृष्टीने स्थान ग्राहकाचं. जर्मनीत वेगळं चित्र आहे. तिथे काही अपवाद सोडले तर मतांचा बहुसंख्य हिस्सा सभासदांच्या हातात ठेवावाच लागतो. आपल्या सहकारी संस्थेत वार्षिक सर्वसाधारण सभेला सभासद उठून अध्यक्षाला जाब विचारू शकतो, तसा तिथला समर्थक विचारू शकतो. इंग्लिश समर्थकाला असं व्यासपीठ अगदी अलीकडेपर्यंत नव्हतं. त्याच्याकडे एकच मत आहे, तिकीट काढायचं की नाही. म्हणून गर्दीचा आकडा हा तिथे एका अर्थाने मतदानाचाच आकडा असतो.

तो आकडाही जपून वाचावा लागतो. अनेक इंग्लिश क्लब जी उपस्थिती जाहीर करतात ती विकल्या गेलेल्या तिकिटांची असते. सीझन तिकीट काढलेला माणूस घरी बसला तरी तो मोजला जातो. म्हणजे छापील आकडा १३ हजार असेल तर प्रत्यक्ष खुर्च्यांवर त्याहून कमी माणसं असू शकतात. सीझन तिकीट काढूनही न येणं ही या प्रकरणातली बहुधा सर्वात दुखरी पायरी. पैसे भरून झालेत, नातं तोडवत नाही आणि जाऊन बसवतही नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते तिकीट नव्याने काढलं जात नाही, आणि एकदा शनिवारची सवय मोडली की ती परत लावणं फार कठीण. सोबत मुलगा किंवा मुलगी येत असेल तर पुढची पिढीही तिथेच सुटते. शेजारी मँचेस्टर आहे, टीव्हीवर जगातले मोठे क्लब आहेत. सुटलेलं पोर पुन्हा ईवुड पार्ककडे वळेलच याची खात्री कोण देणार?

बोर्डावरचा अविश्वास म्हणजे नेमकं काय, याचा एक नमुना न्यायालयाच्या कागदांत आहे. कीन सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. मग हेनिंग बर्ग आले, तेही १९९५ च्या विजेत्या संघातले खेळाडू. ५७ दिवसांत त्यांना काढलं. करार संपवल्याची भरपाई त्यांनी मागितली. क्लबने आधी देणं मान्य केलं आणि नंतर पवित्रा बदलला: करार करणाऱ्या आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला तसा करार करायचा अधिकारच नव्हता! उच्च न्यायालयाने ते ऐकून घेतलं नाही आणि २०१३ मध्ये बर्ग यांना २२ लाख ५० हजार पौंड द्यायला लावले. बर्ग यांच्यानंतर आलेले मायकेल ॲपल्टन ६७ दिवस टिकले. आता हे सगळं स्टँडमधल्या माणसाच्या जागी बसून ऐका. आपल्या क्लबमध्ये सही करायचा अधिकार कुणाला आहे, हे क्लबलाच कोर्टात सांगता येत नसेल, तर आपण प्रश्न विचारायचा तरी कुणाला? त्याच सुमारास ‘जागतिक सल्लागार’ म्हणून शेबी सिंग या मलेशियाच्या माजी फुटबॉलपटू आणि टीव्ही समालोचकाची नेमणूक झालेली होती. निर्णय पुण्यात होतो, ब्लॅकबर्नमध्ये होतो की तिसरीकडेच, हे कुणालाच कळेना. माझं मत स्पष्ट आहे. क्लबच्या चुकीच्या नेमणुकांनी जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त या धूसरपणाने केलं.

आता मालकांची बाजू, आणि ती हलकी नाही. या कुटुंबाने क्लबमध्ये आजवर २० कोटी पौंडांच्या वर पैसा ओतला आहे. दुसऱ्या श्रेणीतल्या म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या बहुतेक क्लबांचा खर्च मिळकतीहून जास्त असतो. टीव्हीचा मोठा पैसा प्रीमियर लीगला मिळतो आणि तिथे पोचायच्या आशेने बाकीचे कुवतीबाहेर पगार देतात. मालकाने दरवर्षी खड्डा भरला नाही तर क्लब बुडतो. ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेला बरी हा क्लब पैशांअभावी ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. १८८५ सालचा क्लब, बघता बघता लीगच्या नकाशावरून पुसला गेला. त्यामुळे ‘वेंकीज गेले तर पुढचा खर्च कोण करणार?’ हा प्रश्न ब्लॅकबर्नचे समर्थक स्वतःच एकमेकांना विचारतात, आणि त्यावरून त्यांच्यातही दुफळी आहे.

पण मालक पैसे देतोय म्हणून रिकाम्या खुर्च्यांनी बिघडत नाही, असंही नाही. लीगचे नियम क्लबच्या तोट्यावर मर्यादा घालतात. चॅम्पियनशिपमध्ये साधारणपणे तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंड. मालकाचा खिसा कितीही खोल असला तरी त्यापलीकडे तोटा करता येत नाही. म्हणून तिकिटांचा पैसा, सामन्याच्या दिवशीची खाण्यापिण्याची विक्री, लहान-मोठे प्रायोजक, यांना महत्त्व उरतंच. गर्दी कमी म्हणजे मिळकत कमी, मिळकत कमी म्हणजे खेळाडूंवर खर्च कमी, आणि मग चांगला खेळाडू विकावा लागतो. ब्लॅकबर्नवर एकदा, २०१४-१५ च्या मोसमात, या नियमांपायीच खेळाडू खरेदीची बंदी आली होती. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम वॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, सुरुवातीचीच रक्कम १ कोटी ८० लाख पौंड. वॉर्टन ब्लॅकबर्नचाच पोरगा, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात होता. खेळाडू विकले जातात, तो धंद्याचा भाग आहे. लोकांचा सवाल वेगळा होता: आलेल्या पैशांचं काय करणार आहात?

हा सवाल तीव्र व्हायला दिल्लीतलं एक प्रकरण कारण ठरलं. परकीय चलन कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाची (ईडी) चौकशी सुरू असल्याने २०२३ पासून भारतातून क्लबकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि परवानगी मिळाली तीही तेवढ्याच रकमेची बँक हमी देऊन. ही चौकशी होती, दोष सिद्ध झाल्याचा निकाल नव्हे. पण लँकशरमधल्या समर्थकाला आता आपल्या क्लबला नवा खेळाडू मिळणार की नाही हे समजायला दिल्लीतल्या तारखांकडे बघावं लागायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पाचव्या स्थानावर असताना मॅनेजर जॉन यूस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बीकडे निघून गेले. त्या मोसमात संघ सातवा आला; बढतीच्या बाद फेरीसाठी तेव्हा पहिल्या सहांत यावं लागायचं. त्याच वर्षी क्लबच्या महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतलं स्थान सोडलं, कारण तिथल्या परवान्याच्या अटींसाठी लागणारा खर्च करायला क्लब तयार नव्हता. मला यातली सर्वात जास्त लागलेली गोष्ट हीच. त्या मुली मैदानावर हरल्या नव्हत्या.

मग समर्थकांनी करायचं काय? २०१६-१७ च्या सुमारास त्यांनी एक रीत काढली: १८व्या मिनिटाला आत यायचं आणि ७५व्या मिनिटाला बाहेर पडायचं, क्लबच्या जन्मवर्षाची आठवण म्हणून. काहींनी पूर्ण बहिष्कार घातला. ‘रोव्हर्स ट्रस्ट’ या समर्थकांच्या संस्थेने ईवुड पार्कची नोंद समाजाच्या मालमत्तांच्या सरकारी यादीत करून घेतली, जेणेकरून मैदान विकायची वेळ आली तर लोकांना आधी कळेल आणि बोली लावायला मुदत मिळेल. बहिष्कार करणारा आणि न करणारा, दोघांनाही क्लब हवा आहे. एक म्हणतो, माझ्या पैशावर हे चालू देणार नाही. दुसरा म्हणतो, अकरा पोरं मैदानात उतरली असताना मी घरी बसणार नाही. एकाच घरात हे दोघे असू शकतात, आणि बाहेरच्याने त्यात बरोबर-चूक ठरवू नये.

बहिष्काराने खरंच काही होतं का, याचं उत्तर तासाभराच्या अंतरावर समुद्रकाठी आहे. ब्लॅकपूल क्लब २०१०-११ चा एक मोसम प्रीमियर लीगमध्ये खेळला आणि तिथला पैसा मालक ऑयस्टन कुटुंबाने स्वतःच्या कंपन्यांकडे वळवला, अशी तक्रार झाली. समर्थकांनी ‘आता एक पेनीही नाही’ असं ठरवलं आणि वर्षानुवर्षं ते पाळलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने क्लब बेकायदा लुटला गेल्याचं म्हटलं आणि सहमालक व्हॅलेरी बेलोकॉन यांना ३ कोटींहून जास्त पौंड द्यायला लावले. ते पैसे वसूल होईनात, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने क्लबवर आपला माणूस नेमला. पुढच्याच महिन्यात, ९ मार्चला, साउथएंडविरुद्धच्या सामन्याला १५,८७१ लोक आले. चार-पाच वर्षं मैदानाच्या दारापर्यंत येऊन परत फिरणारी माणसं त्या दिवशी आत गेली. मात्र मालक हटला तो सहमालकाच्या दाव्यामुळे. रिकाम्या खुर्च्यांनी त्या लढ्याला नैतिक बळ दिलं, कायदेशीर नाही. आणि ब्लॅकबर्नची गोष्ट त्याहून अवघड आहे. इथे मालकांवर क्लबचा पैसा काढून नेल्याचा आरोप नाही. त्यांनी तो आणून ओतला आहे. पैसे देणारा, पण क्वचितच दिसणारा मालक कसा हटवायचा, किंवा हटवायचा की बोलता करायचा, याचं तयार उत्तर इंग्लिश फुटबॉलकडे नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल कारभाराचा नवा कायदा मंजूर झाला. बरीचं बुडणं आणि २०२१ मधला युरोपियन सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी लीग काढण्याचा, फसलेला घाट, या दोन धक्क्यांतून तो आला. पहिल्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर आता एक स्वतंत्र नियामक असेल. क्लब चालवायला परवाना लागेल, मालक आणि संचालकांची पारख कडक होईल, क्लबचं चिन्ह आणि घरच्या सामन्यांच्या पोशाखाचा रंग मालकाला मनात येईल तसा बदलता येणार नाही. परवान्याच्या अटींत आणखी एक कलम आहे: क्लबने समर्थकांच्या प्रतिनिधींशी महत्त्वाच्या विषयांवर नियमित चर्चा करायची. इंग्लिश समर्थकाला जाब विचारायची जागा कायद्याने पहिल्यांदाच दिली आहे. त्या चर्चेला मालकाने स्वतः येऊन बसावं, असं मात्र कायदा म्हणत नाही. क्लबचा पगारी अधिकारी आला तरी चालतं. ब्लॅकबर्नमधल्या लोकांचं गेल्या दीड दशकातलं पहिलं मागणं नेमकं तेच आहे: पुण्याहून कुणीतरी यावं, समोर बसावं आणि क्लबचं पुढे काय करायचं ठरवलंय ते सांगावं.